दगडाचं फूल, तळ्याचं पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गुलाब हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो उकलून पाहायची वेळ सहसा येत नाही. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तिकडे गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता त्यातलं पाणी आटलं आणि फूल तेवढं उरलं. कमळाचं मात्र तसं झालं नाही. नीरज, जलज, अंबुज, वारिज, सरोज ही त्याची नावं घ्या. प्रत्येक नावात आधी पाणी, मग फूल. पंकज म्हटलं तर चिखलही आला. फारसीतल्या 'नीलोफर'चं मूळ आपल्याच 'नीलोत्पला'त आहे असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे हे फूल इकडून तिकडे गेलं आणि मुलीचं नाव होऊन परत आलं.

फूल आणि पाणी यांचं हे नातं माणसानं दगडातही उतरवलं. सार्वजनिक जागेत कारंजं बांधायचं, तर त्यात फुलाचा आकार हवाच, असं जणू ठरून गेलं आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तुम्ही फिरलात, तर उद्यानांत, चौकांत, गृहसंकुलांच्या दारात सिमेंटचं नाहीतर फायबरचं कमळ दिसतं. बऱ्याचदा त्यात पाणी नसतं. असतात ती वाळलेली पानं आणि वेफर्सची रिकामी पाकिटं. हे असं का होतं, आणि जिथे तसं झालं नाही तिथे लोकांनी काय केलं, हा आजच्या बोलण्याचा विषय.

आधी आकाराचं बघू. कारंज्याला कमळच का शोभतं? कमळाच्या पाकळ्या एका मध्याभोवती वर्तुळात मांडलेल्या असतात, एका ओळीमागे दुसरी. पाणीही मधल्या तोटीतून वर उसळतं आणि चारी बाजूंना कमानीसारखं वळून खाली येतं. त्या पाण्याच्या कमानीची आणि पाकळीची वळणरेषा एकमेकींना साथ देतात. पाणी चालू असलं की दगडाच्या पाकळ्यांवर पाण्याच्या पाकळ्या उमलतात. शिवाय कमळाचा आकार वाडग्यासारखा, म्हणजे पाणी धरून ठेवणारा. पाकळीचं टोक बाहेर झुकलेलं असलं की पाणी तिथून थेंबाथेंबानं सुटतं, दगडाच्या अंगावरून ओघळत नाही. त्यामुळे डाग कमी पडतात. म्हणजे जे दिसायला सुंदर आहे, ते कामालाही सोयीचं आहे.

एक गंमत यात आणखी आहे. खऱ्या कमळाच्या पानावर पाणी टिकत नाही, मोत्यासारखं घरंगळून जातं. आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो, तोच प्रकार. या पानांच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे आणि मेणाचा थर असतो. थेंब त्या टोकांवरच तरंगतो आणि जाता जाता धूळ घेऊन जातो. १९९०च्या दशकात विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं याचा बारकाईनं अभ्यास केला आणि त्यातून स्वतःहून स्वच्छ राहणारे रंग आणि काचा बनवण्याच्या कल्पना पुढे आल्या. खरं कमळ स्वतःला धुऊन घेतं. दगडाच्या कमळाला मात्र धुणारा माणूस लागतो.

आपल्या उपनगरात दगडातलं सगळ्यात जुनं कमळ पाहायचं असेल, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायला हवं. कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचं खोदकाम सुरू झालं आणि पुढे कित्येक शतकं बौद्ध भिक्षूंची तिथे वस्ती होती. त्यातल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात एका भिंतीवर कमळावर बसून उपदेश करणारा बुद्ध कोरलेला आहे. त्या कमळाला लांब देठ आहे, आणि तो देठ खाली नागांनी धरून ठेवला आहे. नाग हे पाण्याचे रहिवासी. म्हणजे मूर्तिकारानं पाणी न दाखवताच सांगितलं की हे फूल पाण्यातून वर आलं आहे.

आता त्या लेण्यांच्या दारात बघा. बहुतेक लेण्यांच्या तोंडाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहे. शिलालेखांत तिला 'पोढी' म्हटलं आहे. पावसाचं पाणी डोंगरउतारावरून वाहून जाऊ नये म्हणून कातळात बारीक पन्हळी कोरल्या आहेत आणि त्या पोढीत आणून सोडल्या आहेत. हा डोंगर पावसाळ्यात धो धो भिजतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. तरी इथे एवढी मोठी वस्ती शतकानुशतकं टिकली, ती या पोढ्यांच्या जिवावर. आणि या पोढ्या खोदल्या कुणाच्या पैशानं? राजाच्या तिजोरीतून नव्हे. कल्याणच्या एका सोनारानं पोढी दिल्याची नोंद तिथे आहे. कल्याण, सोपारा, चौल इथल्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दानं दगडावर लिहून ठेवली आहेत. याच ९० क्रमांकाच्या लेण्यात अकराव्या शतकात पारशी पाहुणे येऊन गेले आणि पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेले. असा हा डोंगर सगळ्यांना पाणी पाजणारा. आत दगडाचं कमळ आणि बाहेर खऱ्या पाण्याची पोढी, अशी ही जोडी आहे. तिथल्या भिक्षूंनी शिल्प आणि पाणीपुरवठा ही दोन वेगळी खाती मानली नव्हती.

कान्हेरीत पाणी साठवलं, पण ते उडवलं नाही. पाणी उडवायचं तर त्याला दाब हवा. विजेचा पंप नव्हता त्या काळी हा दाब आणायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे उंची. पाणी उंचावर साठवायचं, बंद नळानं खाली आणायचं आणि बारीक तोटीतून सोडायचं. उंचीच्या दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब मिळतो, असा साधारण हिशेब आहे. पाणी जितक्या उंचीवरून आलं तितकंच वर उसळू पाहतं, पण नळाशी होणाऱ्या घर्षणामुळे आणि हवेमुळे ते थोडं कमीच पडतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून पाणी उडवणारा पोरगाही नकळत हेच शास्त्र वापरत असतो.

या शास्त्रात आपला दख्खन मागे नव्हता. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरनं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं तेव्हा जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. पुढे पाणचक्कीला डोंगराकडून खापरी नळानं पाणी आलं. बीबी का मकबऱ्यात फाटकापासून घुमटापर्यंतच्या वाटेवर मधोमध कारंज्यांचे हौद आहेत. 'हौद' आणि 'नहर' हे शब्द अरबी. पण आज पुण्याच्या पेठेतल्या आजीला हौद हा शब्द परका आहे असं सांगून पाहा, ती तुम्हाला वेड्यात काढेल.

पुण्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. फुलाच्या आकाराचं कारंजं म्हटलं की महाराष्ट्रात सगळ्यात आधी आठवायला हवं ते शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं. सवाई माधवराव पेशव्यांच्या बालपणी, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात, ते बांधलं गेलं. आकार सोळा पाकळ्यांच्या कमळाचा. प्रत्येक पाकळीत तोट्या बसवलेल्या. नावात हजार असले तरी तोट्या हजार नव्हत्या. आपल्या भाषेत हजार म्हणजे पुष्कळ, मोजायला बसू नये इतके. पाणी कुठून यायचं? कात्रजच्या तलावातून. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बांध घालून पुण्यापर्यंत जमिनीखालून नळ बांधला गेला. वाटेत हवा कोंडू नये आणि गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. हा नळ केवळ वाड्यासाठी नव्हता. वाटेवरच्या हौदांतून गावाला पाणी मिळायचं. काळा हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी त्यामुळेच बसली. वाड्यातलं कमळ आणि पेठेतली घागर एकाच पाण्यावर जगत होती.

या कारंज्यांच्या वाड्याला एक दुःखाची किनारही आहे. ज्या बालपेशव्याच्या आनंदासाठी हजारी कारंजं उभं राहिलं, तो सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यातच वरच्या मजल्यावरून खाली पडला. तो अपघात की आत्मघात, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. तो कारंज्याच्या नळीवर पडून जखमी झाला, असं ग्रँट डफ लिहितो. दोन दिवसांनी त्याचा अंत झाला. पुढे १८२८च्या आगीत वाड्याच्या लाकडी इमारती जळून गेल्या. कमळ दगडाचं होतं म्हणून राहिलं. आज शनिवारवाड्यात गेलात तर ते दिसतं.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईतलं सर्वांत प्रसिद्ध कारंजं म्हणजे फ्लोरा फाउंटन. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. म्हणजे इथे फूल नुसत्या आकारात नाही, देवीच्या रूपात आलं आहे. १८६४मध्ये हे कारंजं उभं राहिलं. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेनं, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीनं, ते मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजलं होतं. झाडाफुलांच्या संस्थेनं फुलांची देवी निवडावी, हे ओघानंच आलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फॉर्सिथ यांचं. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी दात्याचे. त्याला गव्हर्नर बार्टल फ्रिअरचं नाव द्यायचं घाटत होतं. त्याच फ्रिअरनं किल्ल्याचे तट पाडायला लावले. जिथे चर्चगेट नावाची वेस होती, तिथे मोकळी जागा झाली आणि फ्लोरा तिथे उभी राहिली. फ्रिअरचं नाव मागे पडलं, फुलांच्या देवीचं टिकलं.

उपनगरातल्या आपल्या लोकांना या गोष्टीत एक धागा सापडायला हवा. १८६४ साली फोर्टमधल्या त्या कारंज्याला पाणी कुठून आलं असेल? १८५०च्या दशकात मुंबई बेटावर पाण्याची भीषण टंचाई झाली. बेटावरच्या विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरात, विहार तलाव बांधला गेला आणि १८६०मध्ये मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. तुळशी तलाव आला १८७९मध्ये, तानसा १८९२मध्ये. म्हणजे १८६४ साली मुंबईत नळानं येणारं पाणी एकच होतं, विहारचं. फोर्टात फुलांची देवी दिमाखात उभी राहिली, ती आपल्या डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर. कान्हेरीचा डोंगर आणि विहार एकाच जंगलाच्या छायेत आहेत. भिक्षूंच्या पोढ्या भरणारा पाऊसच फ्लोराच्या पायाशी खेळला, असं म्हटलं तर ती कविकल्पना ठरणार नाही.

पुढे याच चौकाला वेगळाच अर्थ आला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांची आठवण म्हणून हा हुतात्मा चौक झाला आणि मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं शिल्प तिथे उभं राहिलं. त्या लढ्यात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा आवाज घुमला. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल 'शाहीर अमर शेख' झाला आणि घाटकोपरच्या चिरागनगरातले अण्णाभाऊ साऱ्या महाराष्ट्राचे झाले. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्या चौकात उभं राहिलं की फुलांच्या देवीइतकीच डफावरची थापही ऐकू येते.

पण देवी असो की हुतात्म्यांचा चौक, देखभाल सुटली की दगड बोलू लागतो. फ्लोराचा दगड पोर्टलंडचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. तो चुनखडीचा दगड, कोरायला सोपा. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल त्याच दगडाचं. पण चुनखडीला आम्ल सोसत नाही. गाड्यांच्या धुरातले वायू पावसाच्या पाण्यात मिसळले की सौम्य आम्ल तयार होतं आणि ते दगडाची कड झिजवतं. त्यात समुद्राचा खारा वारा. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी रंग फासला. दगडाला श्वास घ्यायला जागा उरली नाही; आत शिरलेला ओलावा आतच राहिला. कारंजं बरीच वर्षं बंद पडलं होतं. शेवटी संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली महापालिकेनं ते काम हाती घेतलं. रंगाचे थर उतरवले, झिजलेलं नक्षीकाम दुरुस्त केलं, पाण्याची वाट मोकळी केली आणि जानेवारी २०१९मध्ये फ्लोरा पुन्हा पाण्यात उभी राहिली. या कामाच्या काळात आसपासच्या खोदाईत ट्रामचे जुने रूळही सापडले. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली होती.

जाता जाता एक नातं सांगायचं राहिलं. १८२४मध्ये जोसेफ ॲस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्यानं एका नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं. ते घट्ट झालं की पोर्टलंडच्या दगडासारखं दिसायचं, म्हणून त्यानं नाव दिलं पोर्टलंड सिमेंट. आज आपल्या चौकातलं जे सिमेंटचं कमळ आहे, ते त्या नावानं फ्लोराचं दूरचं भावंड लागतं. फरक एवढाच की फ्लोराला विचारणारे लोक आहेत.

आजची कारंजी जुन्यांपेक्षा मुळातच वेगळी आहेत. जुन्या कारंज्यात पाणी यायचं आणि पुढे जायचं, बागेला, हौदाला, पाटाला. आजच्या कारंज्यात तेच ते पाणी फिरत राहतं. खाली टाकी असते, पंप ते पाणी ओढतो, तोटीतून सोडतो, ते पुन्हा टाकीत येतं. याचा फायदा असा की पाणी कमी लागतं. जे उडून जातं, वाऱ्यानं बाहेर पडतं, तेवढंच वरून घालावं लागतं. तोटा असा की पंप थांबला की सगळंच थांबतं. २०२२मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात एक भव्य संगीत-कारंजं सुरू झालं. त्यात ३९२ तोट्या आहेत. तिथे दगडाची पाकळीच नाही. पाणी, दिवे आणि संगीत मिळूनच फुलं उमलतात आणि मिटतात. पाहायला लोक गर्दी करतात. ते संकुल मिठी नदीच्या काठाला आहे आणि मिठी उगम पावते ती विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून. पाणी फिरून फिरून आपल्याच दारात येतं ते असं.

बंद पडलेल्या कारंज्याचं खरं संकट कचरा नव्हे, डास आहेत. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. शहरी मलेरियाचा डासही विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि कारंज्यांचे हौद पसंत करतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा, दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खातं 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असं सांगतं. वाहत्या, खळबळत्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत. म्हणजे चालू कारंजं निरुपद्रवी आणि बंद कारंजं रोगाचं घर.

मुलुंडमधल्या एका गृहसंकुलात हा प्रश्न माझ्यासमोरच उभा राहिला. प्रवेशद्वाराशी आठ पाकळ्यांचं कमळ. पंप जळून दोन वर्षं झालेली. पावसाळ्यात दोन मुलं तापानं आजारी पडली आणि सर्वसाधारण सभेत ठराव आला, कारंजं बुजवून त्यात माती भरा, कुंड्या ठेवा. एक जण म्हणाले, पंपाचा खर्च कोण देणार? दुसरे म्हणाले, समोरच्या डोंगरावर बाया हंड्यासाठी रांग लावतात आणि आपण पाणी उडवायचं, हे बरं दिसतं का?

हा दुसरा सवाल मला जास्त लागला. आणि तो टाळून कारंज्यांवर बोलणं खोटेपणाचं ठरेल. असल्फ्याच्या, भटवाडीच्या डोंगरउतारांवर वरच्या घरांपर्यंत पाण्याचा दाब पोचत नाही, हे त्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. उंचीचं जे शास्त्र कारंज्याला पाणी देतं, तेच डोंगरावरच्या घराला पाणी नाकारतं. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा पिण्याचं पाणी कारंज्यात ओतणं हे कुठल्याही फुलाच्या नावानं समर्थनीय नाही. ते पाणी आधी माणसाच्या घशात जायला हवं.

पण कारंज्याला पिण्याचं पाणी लागतंच कुठे? मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची व्यवस्था मुंबईत २००२पासून सक्तीची आहे. गच्चीवरचं पाणी, कूपनलिकेचं पाणी, शुद्ध केलेलं सांडपाणी यांतून कारंज्याचं भागतं. त्या सभेत एक निवृत्त अभियंते होते. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. छोटा पंप, संध्याकाळी एक तास, पावसाच्या टाकीतलं पाणी, आणि दर शनिवारी हौद रिकामा करून घासायचा. ते निघालेलं पाणी बागेला. वॉचमन म्हणाला, घासायचं काम मी करतो, पण मला कुणीतरी ब्रश आणून द्या. यावर सगळे हसले आणि ठराव बदलला. गेली काही वर्षं ते कमळ रोज तासभर चालतं. संकुलातली म्हातारी माणसं त्या वेळेला खाली येऊन बसतात. पूर्वी त्यांना खाली यायला निमित्त नव्हतं. मुलं हात भिजवतात. डासांची तक्रार पुन्हा आली नाही.

मला वाटतं, या साध्या गोष्टीत सगळा धडा आहे. पाण्यातल्या शिल्पाचं उद्घाटन एका दिवसात होतं, देखभाल मात्र दर शनिवारी करावी लागते. म्हणून कुठेही नवं कमळ उभारायचं ठरलं, तर आपण नागरिकांनी नारळ फुटायच्या आधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. याचं पाणी कुठून येणार? ते पाणी पुढे कुठे जाणार? आणि पंप बिघडला तर कुणी, कुठल्या पैशातून तो दुरुस्त करायचा? या तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील, तर कारंज्याऐवजी तिथे एक झाड लावावं आणि शेजारी पाणपोई ठेवावी. त्यानंही चौक सुंदरच दिसेल.

आणि फूल दिसलं म्हणजे सगळं ठीक आहे, असंही समजू नये. पवई तलावावर जांभळ्या फुलांचा जो गालिचा अधूनमधून पसरतो, ती जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आली ती फुलाच्या देखणेपणामुळे, शोभेसाठी. आज ती तलाव गिळते. तिच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. सांडपाणी जितकं जास्त, तितकी ती फोफावते. १८९१च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचं पाणी आज पिण्यालायक राहिलेलं नाही. विहार आणि तुळशी मात्र मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत अजून मोजले जातात, कारण त्यांच्याभोवती जंगल राहिलं आहे. म्हणजे पाणी राखायचं तर आधी काठ राखावा लागतो.

सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. बाकीच्या दिवशी, शक्यतो पहिला पाऊस होऊन गेल्यावर, घरातल्या मुलांना घेऊन कान्हेरीला जा. चैत्यगृह सगळेच बघतात, तुम्ही थोडे वर चढून ९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जा. कमळाचा देठ धरून बसलेले नाग मुलांना दाखवा. मग बाहेर येऊन कातळातली पन्हळ शोधा आणि तिच्यातून वाहणारं पाणी कुठल्या पोढीत जातं ते मुलांनाच हुडकू द्या. त्यांना ती वाट सापडेल. ज्यानं ती खोदली त्यानं ती सापडावी अशीच खोदली आहे.